खासदारकी सुटली की त्याच धंद्याची वकिली: बिली टोझॅनच्या निमित्ताने

औषधवाला_गोळेकॉलनी

नमस्कार मंडळी. नाशिकच्या गोळे कॉलनीत आमचं औषधांचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. दरवर्षी एप्रिल लागला की मुलाकडे अमेरिकेला निघालेले काका-काकू येतात, डॉक्टरांची चिठ्ठी काउंटरवर ठेवतात आणि सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम मागतात. बीपी, शुगर, थायरॉइड, रक्त पातळ करायची गोळी. परवा एका काकूंनी पिशवी भरता भरता विचारलं, "एवढा श्रीमंत देश, मग औषध तिथे एवढं महाग का रे?" मी म्हटलं, वाचून सांगतो.

वाचायला बसलो आणि बिली टोझॅन या माणसापाशी अडकलो. लुइझियाना राज्यातला वकील. बाजूला ऊस, खाली खाडी आणि कोळंबी, असा त्याचा मतदारसंघ. आधी राज्याच्या विधानसभेत, मग १९८० च्या पोटनिवडणुकीतून वॉशिंग्टनच्या प्रतिनिधीगृहात. पंधरा वर्षं डेमोक्रॅट होता. १९९४ ला सभागृहात रिपब्लिकनांचं बहुमत आलं आणि १९९५ च्या ऑगस्टमध्ये तो रिपब्लिकन झाला. २००१ मध्ये ऊर्जा आणि वाणिज्य समितीचा अध्यक्ष. नाव तसं असलं तरी औषधांचे बरेच विषय याच समितीपुढे येतात.

२००३ मध्ये म्हाताऱ्या लोकांच्या सरकारी आरोग्य विम्यात, म्हणजे मेडिकेअरमध्ये, औषधांचा खर्च घालणारा कायदा झाला. तो रेटणाऱ्यांत टोझॅन पुढे होता. त्यात एक कलम असं की सरकारने औषध कंपन्यांशी किमतीची घासाघीस करायचीच नाही. देशातला सगळ्यात मोठा गिऱ्हाईक, आणि त्याने भाव विचारायचा नाही! ८ डिसेंबर २००३ ला बुश यांची सही झाली. पुढच्या वर्षी टोझॅनने अध्यक्षपद सोडलं आणि जानेवारी २००५ मध्ये तो औषध कंपन्यांच्या संघटनेचा, 'फार्मा'चा, प्रमुख झाला. पगार वर्षाला सुमारे २० लाख डॉलर, असं तिकडच्या वर्तमानपत्रांत छापून आलं.

माझा प्रश्न सरळ आहे. लोकप्रतिनिधीने ज्या विषयाचे कायदे केले, त्याच विषयातल्या कंपन्यांकडे पद सुटल्यावर नोकरी करावी का? बंदी असावी तर किती वर्षांची? आणि आपल्याकडे काय?

तर्री_जास्त

पहिला प्रश्न: टौझिन की टोझॅन? मी इतके दिवस टौझिन वाचत होतो.

औषधवाला_गोळेकॉलनी

टोझॅन. फ्रेंच वळणाचं आडनाव आहे, त्या भागात केजन लोक, म्हणजे जुन्या फ्रेंच वसाहतकऱ्यांचे वंशज, पुष्कळ.

अबोली

बंदी असावी. पाच वर्षं. विषय संपला.

जुना_एमआर

अबोलीताई, इतक्यात संपवू नका. मी औषध कंपनीचा विक्री प्रतिनिधी, म्हणजे एमआर, म्हणून तीस वर्षं फील्डवर बॅग उचलली आहे, त्यामुळे कंपन्यांची बाजू घेतोय असं वाटलं तरी चालेल. एक गोष्ट धाग्यात आली नाही. २००४ च्या सुरुवातीला टोझॅनला आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचा, ड्युओडेनमचा, कर्करोग निघाला. मोठी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर केमोसोबत ॲव्हास्टिन हे तेव्हा नवं असलेलं औषध दिलं आणि माणूस वाचला. औषधाने मला जगवलं म्हणून या उद्योगासाठी काम करतो, असं तो उघडपणे सांगायचा. मला त्यात खोटेपणा दिसत नाही. मरणाच्या दारातून आलेल्या माणसाला ज्या गोळीने परत आणलं, तिच्याबद्दल त्याला काही वाटणारच. आमच्याकडेही असे पेशंट भेटत. पेढे घेऊन डॉक्टरांकडे येत आणि बाकावर बसलेल्या मलाही एक पेढा देत. मी फक्त बॅग घेऊन फिरणारा, पण त्यांच्या लेखी मीही औषधाच्याच बाजूचा.

दुसरं, त्या कायद्याने कोट्यवधी म्हाताऱ्यांना पहिल्यांदा औषधांचा विमा मिळाला. हे काम लहान नव्हे.

न्यूजर्सीकर

मूळ गंगापूर रोडचा, आता वीस वर्षं एडिसनला. जुना_एमआर यांचं दुसरं म्हणणं बरोबर आहे, पण अर्धं. विमा मिळाला तो भोकासकट. शब्दशः, इथे त्याला 'डोनट होल' म्हणायचे. २००६ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा औषधांचा वर्षाचा खर्च २,२५० डॉलरवर गेला की विमा थांबायचा. तिथून ५,१०० डॉलरपर्यंत सगळं स्वतःच्या खिशातून, पुढे परत विमा सुरू. माझ्या शेजारच्या आजी ऑगस्ट आला की गोळ्या एक दिवसाआड घ्यायच्या. मला हे कळलं तेव्हा मी त्यांना ओरडलो होतो. नंतर हिशोब बघितला आणि ओरडल्याचं वाईट वाटलं. ते भोक पुरतं बुजायला २०२० उजाडलं.

आणि हा कायदा प्रतिनिधीगृहात मंजूर झाला त्या रात्रीचं मतदान तर सगळ्यांनी वाचावं. २२ नोव्हेंबर २००३. पहाटे तीनच्या सुमारास सुरू झालं. एरवी पंधरा मिनिटांत आटोपणारं मतदान जवळजवळ तीन तास उघडं ठेवलं, कारण मतं कमी पडत होती. तेवढ्या वेळात एकेकाला कोपऱ्यात घेऊन समजावणं चाललं. शेवटी २२० विरुद्ध २१५. मिशिगनच्या एका सदस्याने नंतर सांगितलं की माझं मत मिळावं म्हणून मुलाच्या निवडणुकीला मदत देऊ केली होती. त्यावरून सभागृहाच्या नीतिमत्ता समितीने २००४ मध्ये सत्ताधारी पक्षाचे नेते टॉम डिले यांना समज दिली.

वकील_पंचवटी

इथे नीट बोलू. टोझॅनने त्या नोकरीसाठीच कलम घातलं, हे सिद्ध झालेलं नाही आणि आपणही तसं लिहू नये. पण सिद्ध होणं अवघड आहे, म्हणूनच तर नियम लागतो. न्यायाधीशाने आपल्या नातेवाइकाचा खटला चालवू नये असं आपण म्हणतो, तेव्हा त्याला चोर ठरवत नाही. संशयाला जागा राहू नये एवढंच असतं.

शिवाय तो एकटा नव्हता. मेडिकेअरचे तेव्हाचे प्रशासक टॉम स्कली हा कायदा घडत असताना बाहेर नोकरीची बोलणी करत होते, त्यासाठी खास परवानगी घेऊन. त्यांच्याच खात्यातल्या मुख्य गणिततज्ज्ञाने खर्चाचा मोठा अंदाज काढला होता, तो सभागृहापासून दडवला गेला. सदस्यांना ४०० अब्ज डॉलर सांगितलं होतं, सही झाल्यावर ५३४ अब्जांचा आकडा बाहेर आला. स्कली त्याच डिसेंबरमध्ये पद सोडून एका लॉ फर्ममध्ये गेले. टोझॅनच्याच समितीतले पेनसिल्व्हेनियाचे जिम ग्रीनवुड २००५ मध्ये जैवतंत्रज्ञान कंपन्यांच्या संघटनेचे प्रमुख झाले.

आता बंदीबद्दल. तिकडे प्रतिनिधीगृहाच्या माजी सदस्याला एक वर्ष जुन्या सहकाऱ्यांकडे पगारी शब्द टाकायला मनाई आहे. पण संघटनेचा प्रमुख व्हायला मनाई नाही! स्वतः दारात जायचं नाही, माणसं पाठवायची. २००७ च्या कायद्याने सिनेटच्या, म्हणजे तिथल्या वरच्या सभागृहाच्या, सदस्यांसाठी हा काळ दोन वर्षांचा केला. तर मिसिसिपीचे सिनेटर ट्रेंट लॉट तो नियम लागू होण्याआधीच, त्या डिसेंबरात, राजीनामा देऊन बाहेर पडले आणि लुइझियानाचे माजी सिनेटर जॉन ब्रो यांच्यासोबत त्यांनी लॉबिंगची, म्हणजे पैसे घेऊन सरकारदरबारी शब्द टाकायची, फर्म काढली. अबोलीताई, पाच वर्षं लावली तरी वाटा निघतात.

अबोली

मग दहा लावा. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. कायदे कोण करतं असं विचारलं की मुलं "लोकांनी निवडून दिलेले लोक" असं उत्तर देतात, आणि मी बरोबरची खूण करते. हे सगळं वाचल्यावर ती खूण करताना हात थांबेल माझा.

बागायतदार_निफाड

लेखातलं सगळं समजलं. पण मला उलटा प्रश्न पडलाय. औषधवाल्यांचा माणूस वॉशिंग्टनमध्ये आहे. कांद्याचा माणूस दिल्लीत कोण आहे?

२०२३ च्या ऑगस्टमध्ये एका रात्रीत ४० टक्के निर्यात शुल्क लागलं. लासलगाव, पिंपळगाव, सगळीकडे लिलाव बंद पडले. डिसेंबरात निर्यातच बंद. २०२४ च्या मे महिन्यात उठली तर पुन्हा टनाला ५५० डॉलरची किमान निर्यात किंमत आणि ४० टक्के शुल्क डोक्यावर. सप्टेंबरात ते २० वर आलं आणि पूर्ण निघायला १ एप्रिल २०२५ उजाडलं. या दीड वर्षात चाळीतला कांदा किती सडला ते मी मोजलेलं नाही, मोजवलंच नाही. आमच्या बाजूने आकडेवारी घेऊन, चांगला कोट घालून, फायली काखेत मारून रोज त्या दारात बसणारा एखादा माणूस असता तर? असा माणूस मिळाला तर मी वर्गणी देईन. माजी खासदार असेल तर जास्त देईन, त्याला दारं माहीत असतात.

जुना_एमआर

बागायतदार, हेच मला म्हणायचं होतं. लॉबिंग म्हणजे आपली बाजू सरकारपुढे मांडणं. ते पाप कसं?

तर्री_जास्त

कांद्याचा लॉबीवाला दिल्लीत बसला की आधी त्याच्याच डोळ्यांत पाणी येईल.

निवृत्त_कक्षअधिकारी

मी सहसा लिहीत नाही, वाचतो. हा विषय माझ्या टेबलावरून गेलेला आहे म्हणून लिहितो.

मंत्रालयात तीसेक वर्षं काढली, शेवटची काही कक्ष अधिकारी म्हणून. एक माजी सदस्य आमच्या कार्यासनात येत. कोणते, कुठले, ते सांगणार नाही. ते आले की आम्ही सगळे उभे राहत असू, आणि ते खऱ्या आदराने, कारण सभागृहात असताना त्यांचा अभ्यास चांगला होता, प्रश्न नेमके असत. पद गेल्यावरही ते येत राहिले. खुर्ची ओढून बसत, घरच्यांची चौकशी करत आणि मग हळूच, "ती अमुक नस्ती कुठवर आलीय?" नस्ती म्हणजे फाइल. फक्त एवढंच. कधी "मंजूर करा" म्हणाले नाहीत. पण ती नस्ती त्या दिवशी ढिगाच्या वर यायची. मी स्वतः वर काढली आहे. कोणी सांगितलं नव्हतं मला.

ते कोणासाठी विचारत होते? मतदारसंघातल्या शेतकऱ्यासाठी, एखाद्या संस्थेसाठी, की पैसे देणाऱ्या कंपनीसाठी? मला कधीच कळलं नाही. खाली प्रवेशद्वारावर नाव लिहिलं जायचं, भेटीच्या कारणापुढे "वैयक्तिक". टिप्पणी लिहिताना त्यांच्या येण्याची एक ओळसुद्धा मी कधी कागदावर घेतली नाही. तशी पद्धतच नव्हती. आज विचार करतो तेव्हा त्या न लिहिलेल्या ओळीचा त्रास होतो. ती नस्ती कदाचित योग्यच असेल. पण तिच्याखाली तीन महिने पडलेल्या दुसऱ्या नस्तीत कोणाचं तरी निवृत्तिवेतन अडकलेलं होतं, आणि त्या माणसाकडे माजी सदस्य नव्हता.

म्हणून बागायतदारांचं दुःख मला पटतं, आणि भीतीही तिथेच वाटते. ज्याला वर्गणी परवडते त्याचीच नस्ती वर येणार.

बागायतदार_निफाड

साहेब, तुम्ही हे मोकळेपणाने लिहिलंत त्याबद्दल आभार. माझ्याकडे उत्तर नाही.

वकील_पंचवटी

कक्ष अधिकारी साहेबांचा प्रतिसाद वाचून मी माझं मत थोडं बदलतो. मला बंदीपेक्षा नोंद जास्त महत्त्वाची वाटायला लागली आहे.

अमेरिकेत १९९५ च्या कायद्यापासून लॉबीवाल्याला नोंदणी करावी लागते. ग्राहक कोण, विषय कोणता, पैसे किती, हे दर तिमाहीला भरायचं आणि ते कोणीही घरबसल्या वाचू शकतं. आपल्याकडे असं काही नाही. २०१२ मध्ये वॉलमार्टवरून संसदेत गदारोळ झाला होता, आठवतो? भारताची बाजारपेठ खुली व्हावी या विषयावरही त्यांनी लॉबिंगचा खर्च केला, ही माहिती आपल्याला कुठून मिळाली? तिकडच्या सिनेटमध्ये त्यांनी भरलेल्या विवरणपत्रांतून! आपल्या देशाबद्दलची नोंद दुसऱ्या देशाच्या दफ्तरात सापडली. त्यानंतर २०१३ मध्ये ओडिशाचे खासदार कलिकेश सिंह देव यांनी लॉबिंग उघड करण्याबाबत खासगी विधेयक मांडलं, ते पुढे गेलं नाही.

सध्याच्या सदस्यांबद्दल थोडं आहे. राज्यसभेत सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही असते, तिच्यात पगारी सल्लागारकीसुद्धा लिहावी लागते. माजी सदस्यांसाठी काहीच नाही. सनदी अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर वर्षभर खासगी नोकरी करायची तर परवानगी लागते. पण मंत्री, खासदार, आमदार पद गेल्याच्या दुसऱ्या दिवशी कुठेही जाऊ शकतात. सरसकट बंदी घातली तर घटनेच्या १९(१)(छ) मधला व्यवसायाचा हक्क आडवा येईल, कोर्टात टिकवायला वाजवी मुदत आणि नेमका विषय लागेल. नोंदवहीला तशी आडकाठी नाही.

गंगाघाट

आपल्याकडे तर पदावर असतानाच प्रश्न विकले होते. २००५ च्या डिसेंबरात, पैसे घेऊन प्रश्न विचारले म्हणून ११ खासदार काढले, लोकसभेचे १० आणि राज्यसभेचा १. मग माजी झाल्यावर काय करतात याची चौकशी कशाला?

अबोली

गंगाघाट, ते पकडले गेले कारण छुपा कॅमेरा होता. इथे कॅमेरा पण नाही, कागद पण नाही. आणि महाराष्ट्रात माजी आमदाराला महिन्याला ५० हजारांपासून पुढे निवृत्तिवेतन मिळतं. हे आपण देतो ते त्याने पुन्हा कोणाच्या दारात जाऊ नये म्हणूनच ना?

गंगाघाट

पेन्शनवर वेगळा धागा काढा, इथे हजार प्रतिसाद होतील.

तर्री_जास्त

तो टोझॅन पुढे कुठे गेला ते कोणी सांगा ना. गोष्ट अर्धवट सोडली आहे.

न्यूजर्सीकर

सांगतो, आणि ही गोष्ट मला अजून बोचते, कारण मी २००८ मध्ये ओबामांसाठी दारोदार फिरलो होतो. तेव्हा मला मताचा हक्कही नव्हता, तरी फिरलो. प्रचारात त्यांची एक जाहिरात होती, नावच 'बिली'. त्यात ते सांगत की औषधांचा कायदा रेटणारा समितीचा अध्यक्ष नंतर त्याच उद्योगात २० लाख डॉलरवर गेला, हा वॉशिंग्टनचा जुना खेळ मला मोडायचाय. मी ती जाहिरात लोकांना फोनवर दाखवायचो.

२००९ मध्ये आरोग्य विम्याचा नवा कायदा आणायचा होता. औषध कंपन्यांनी विरोध केला तर तो पडणार, हे उघड होतं. मग समझोता झाला: कंपन्या दहा वर्षांत ८० अब्ज डॉलरची बचत करून देतील, कायद्याला साथ देतील. समोरच्या खुर्चीत कोण? बिली टोझॅन. आणि किमतीची घासाघीस त्या कायद्यातही आली नाही. त्या कायद्यामुळे लाखो लोकांना विमा मिळाला, माझ्या ओळखीच्यांनाही, म्हणून मी कडू बोलत नाही. पण ज्याचं नाव घेऊन मतं मागितली त्याच्याशीच बसावं लागलं, यावरून त्या खुर्चीची ताकद कळते.

२०१० मध्ये टोझॅनने संघटनेचं पद सोडलं. एक राहिलं: २००४ मध्ये त्याच्या जागी त्याच्या मुलाने निवडणूक लढवली होती, तो ५६९ मतांनी पडला.

तर्री_जास्त

५६९! आमच्या सोसायटीच्या निवडणुकीतलं अंतर वाटतंय. म्हणजे मतदार जागा होता.

औषधवाला_गोळेकॉलनी

दोन दिवस दुकानात गर्दी होती, आज सगळं एकदम वाचलं. निवृत्त_कक्षअधिकारी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

काकूंच्या प्रश्नाकडे येतो. ते घासाघीस न करण्याचं कलम किती काळ टिकलं बघा. २००३ ते २०२२. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये नवा कायदा होऊन मेडिकेअरला काही औषधांची किंमत ठरवायची मुभा मिळाली. पहिली दहा औषधं, नवे भाव जानेवारी २०२६ पासून. त्यात जानुव्हिया आहे, म्हणजे आपली शुगरची गोळी सिटाग्लिप्टिन. महिन्याची यादीतली किंमत ५२७ डॉलर होती, ठरलेला भाव ११३. जार्डियन्स, म्हणजे एम्पाग्लिफ्लोझिन, ५७३ वरून १९७.

माझ्या काउंटरवर काय झालं ते सांगतो. २०२२ च्या जुलैत आपल्याकडे सिटाग्लिप्टिनचं पेटंट संपलं आणि महिनाभरात इतके ब्रँड आले की रॅकमध्ये जागा पुरेना. २०२५ च्या मार्चमध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचं तेच. आणि यादीतल्या आवश्यक औषधांची कमाल किंमत तर सरकारच बांधून देतं, २०१३ च्या आदेशाने: बाजारात एक टक्का किंवा जास्त हिस्सा असलेल्या ब्रँडांची सरासरी काढायची, त्यात आमचे १६ टक्के मिळवायचे. आमची कुरकुर असते त्यावर, मार्जिन वाढवा म्हणून आमची संघटनाही दिल्लीला निवेदनं देते. म्हणजे लॉबी मीही करतो, बागायतदार. फक्त आमचं निवेदन संघटनेच्या लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह जातं. कोणाचं आहे ते कळतं.

न्यूजर्सीकर

एक दुरुस्ती. ५२७ ही छापील किंमत. विमा कंपन्यांना मागच्या दाराने सूट मिळत होती, त्यामुळे खरी घट त्याहून कमी आहे. पण आजींसाठी मोठा फरक दुसऱ्या कलमाने पडला. त्याच २०२२ च्या कायद्याने २०२५ पासून वर्षाला स्वतःच्या खिशातून जाणाऱ्या खर्चाला मर्यादा आली, त्या वर्षी जास्तीत जास्त २,००० डॉलर, त्यापुढे शून्य. आजी आता ९१ च्या आहेत. ऑगस्टमध्येही रोज गोळी घेतात, मी विचारतो.

जुना_एमआर

हे वाचून बरं वाटलं. मी कंपन्यांच्या बाजूचा असलो तरी एक दिवसाआडची गोळी मलाही सहन होत नाही. माझा मुद्दा एवढ्यापुरता ठेवतो: माणसाला नोकरीला जाऊ द्या, पण सभागृहात असताना नोकरीची बोलणी सुरू झाली तर त्या दिवशी जाहीर करा.

वकील_पंचवटी

ते कलम तिकडे २००७ मध्ये आलं. बोलणी सुरू झाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत सभागृहाच्या नीतिमत्ता समितीला लेखी कळवायचं. टोझॅनच्या वेळी नव्हतं.

निवृत्त_कक्षअधिकारी

मूळ प्रश्नावर माझं उत्तर. मुदत दोन वर्षं, आणि फक्त ज्या विषयाच्या समितीवर किंवा खात्यात काम केलं त्या विषयापुरती. त्याआधी, उद्यापासून करता येईल असं एक: कोणताही माजी सदस्य एखाद्या नस्तीबद्दल भेटला तर टिप्पणीत एक ओळ. तारीख, नाव, कोणाच्या वतीने. यासाठी कायदाही लागणार नाही, शासनाचं एक परिपत्रक पुरेल. मी त्याचा मसुदा लिहून काढलाय, पाऊण पान झालाय. आमदारांना आणि मुख्य सचिवांना पाठवावा म्हणतो. कोणी सह्या करणार असेल तर सांगा.

अबोली

माझी सही. नववीच्या वर्गातही वाचून दाखवीन.

बागायतदार_निफाड

माझी पण. त्यात एक घाला साहेब: निर्यात, शुल्क असे निर्णय होण्याआधी कोण कोण भेटून गेलं, त्याचीही यादी.

निवृत्त_कक्षअधिकारी

निर्यात केंद्राकडे येते, तो अर्ज वेगळा करावा लागेल. तुम्ही मुद्दे लिहून आणा, भाषा मी बघतो. रविवारी सकाळी साडेदहाला सार्वजनिक वाचनालयात असतो.

बागायतदार_निफाड

येतो. बागेत खरड छाटणी चालू आहे, पण माणसं लावून येतो. ऑगस्ट २०२३ पासूनच्या कांदा विक्रीच्या सगळ्या पट्ट्या जपून ठेवल्यात, त्या आणू का?

निवृत्त_कक्षअधिकारी

सगळ्या आणा.

औषधवाला_गोळेकॉलनी

मी दुकान भावावर सोडून येतो. काकू आज सकाळी गोळ्या घेऊन गेल्या. टोझॅनची गोष्ट सांगितली, उभ्या उभ्या सगळी ऐकली. मग विचारलं, "आपल्याकडे असं कोण करतं रे?" मी म्हटलं, काकू, ते लिहूनच ठेवत नाहीत कुठे. चार महिन्यांनी परत येणार आहेत, तेव्हा पुन्हा विचारतील.